मननवाचन (ऑनलाइन, सर्वधर्मीय)

धर्मग्रंथातला किंवा संतवाङ्मयातला एखादा छोटा उतारा सावकाश, अडत अडत वाचायचा, मनात घोळवायचा आणि शेवटी शब्दही खाली ठेवून गप्प बसायचे, या साधनेला मननवाचन म्हणता येईल. ख्रिस्ती मठांत तिला ‘लेक्सिओ दिविना’ म्हणजे पवित्र वाचन असे लॅटिन नाव आहे. वेगवेगळ्या धर्मांची माणसे आपापल्या घरी बसून, मोबाइल किंवा लॅपटॉपच्या पडद्यावर एकत्र येऊन हे वाचन आणि त्यानंतरचे मौन करतात, तेव्हा ती सर्वधर्मीय ऑनलाइन बैठक होते. मार्च २०२० च्या टाळेबंदीत चर्च, मंदिरे, मठ बंद झाले आणि जगभर अशा बैठकांना बळ मिळाले. साताऱ्यासारख्या ठिकाणाहून त्यात सामील होणे तेव्हापासून सोपे झाले आहे.

अशा बैठकांत वाचल्या जाणाऱ्या बऱ्याच ग्रंथांना मराठीत ‘गूढवादी’ म्हणण्याची पद्धत आहे. शब्द रुळला आहे, पण अडचणीचा आहे. ‘गूढ’ म्हटले की आपल्याकडे अंगारे, चमत्कार, बंद खोलीतले काहीतरी डोळ्यांपुढे येते. या लेखकांना सांगायचा असतो तो देवाचा थेट अनुभव, आणि त्यासाठी ‘अनुभाव’ हा संतांचा शब्द जास्त जवळचा आहे.

बैठक साधारण तासाभराची असते. सुरुवातीला कोणीतरी उतारा वाचते, थोड्या वेळाने दुसऱ्या आवाजात तोच उतारा पुन्हा येतो. मग वीस मिनिटे मौन. त्यानंतर ज्याला वाटेल त्याने अडलेला किंवा भिडलेला एखादा शब्द सांगायचा. त्यावर कोणी प्रवचन द्यायचे नाही, कोणाला उत्तर द्यायचे नाही. हा नियम पाळायला सर्वांत अवघड जातो, कारण आपल्याला ऐकून घेण्यापेक्षा समजावून सांगण्याची सवय जास्त.

पडद्यावरच्या मौनाच्या काही अडचणी अगदी तांत्रिक असतात. मौन सुरू करायला घंटा वाजवतात. पण झूमसारख्या ॲपमध्ये पार्श्वभूमीचा आवाज गाळणारी सोय असते आणि ती घंटेचा लांबत जाणारा नाद गोंगाट समजून कापून टाकते. ऐकणाऱ्याला फक्त ‘टक्’ असे ऐकू येते. ॲपमधला मूळ आवाजाचा पर्याय चालू केला की नाद शेवटपर्यंत पोचतो. सर्वांचे माइक बंद ठेवावे लागतात, नाहीतर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी सगळ्यांच्या ध्यानात होते. पावसाळ्यात पाटण-महाबळेश्वरकडे वीज गेली की चौकट काळी होते आणि तो माणूस आपल्या खोलीत एकटाच बसून राहतो. वेळेचीही अडचण असते. लंडनमध्ये संध्याकाळी सातला भरलेली बैठक आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेअकराला आणि हिवाळ्यात साडेबाराला येते. म्हणून आपल्या वेळेची आणि आपल्या भाषेची बैठक लागतेच.

वाचनाची रीत बाराव्या शतकात ग्विगो दुसरा या फ्रान्समधल्या कार्थुसियन मठाधिपतीने एका पत्रात मांडली. त्याने चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतनमग्नता. वाचन म्हणजे घास तोंडात घालणे, मनन म्हणजे तो चावणे, प्रार्थनेत त्याची चव उतरते आणि शेवटची पायरी म्हणजे निखळ गोडी, अशी त्याची उपमा आहे. मठांत याला रवंथ असेही म्हणत. बृहदारण्यक उपनिषदातले श्रवण, मनन, निदिध्यासन ज्याच्या कानावरून गेले आहे, त्याला ही चढण ओळखीची वाटेल. फरक प्रार्थनेच्या पायरीवर आहे. ख्रिस्ती साधक तिथे कोणाशी तरी बोलतो, समोर ‘तू’ असतो. या बाबतीत तो वेदान्त्यापेक्षा वारकऱ्याच्या जास्त जवळचा.

प्रत्यक्षात हे कसे घडते ते एका ओळीवरून पाहू. तेविसावे स्तोत्र मराठी पवित्र शास्त्रात असे सुरू होते: “परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.” शहरातल्या वाचकाला मेंढपाळ चित्रातला असतो, हिरवे गवत आणि पांढरी कोकरे. माण-खटावकडच्या माणसाला तो रोजच्या पाहण्यातला असतो. पावसाळा सरला की चाऱ्यामागे गाव सोडणारा, खांद्यावर घोंगडी टाकून चालणारा, रात्री परक्या शेतात वाघर लावून कळपाशेजारीच झोपणारा. मेंढीला काही उणे पडू नये म्हणून ज्याच्या स्वतःच्या घरात कायम उणे असते, असा तो माणूस. हे एकदा ध्यानात आले की ‘उणे’ हा शब्द पुढे जाऊ देत नाही. मग वीस मिनिटे त्या एका शब्दापाशी बसायचे. मननवाचन ते एवढेच, आणि त्यासाठी ख्रिस्ती असावे लागत नाही.

मौनाच्या पद्धतीचा आधुनिक इतिहास भारताशी जोडलेला आहे. जॉन मेन (१९२६–१९८२) हा पुढे बेनेडिक्टाइन साधू झालेला गृहस्थ १९५० च्या दशकात ब्रिटिश नोकरीत मलायात होता. क्वालालंपूरमध्ये त्याला स्वामी सत्यानंद भेटले आणि त्यांच्याकडून तो नामजपाने ध्यान करायला शिकला. पुढे पाचव्या शतकातल्या जॉन कॅसियनचे लेखन वाचताना त्याला दिसले की इजिप्तच्या वाळवंटातले ख्रिस्ती तपस्वीही एकच छोटे वचन अखंड घोळवत असत. स्वामींनी दिलेली वस्तू त्याच्या स्वतःच्या घरातच सापडली. त्याने जपासाठी ‘मारानाथा’ हा अरामी शब्द सुचवला: मा-रा-ना-था, चारही अक्षरे सारख्या वजनाने. अर्थ, ‘हे प्रभू, ये’. सकाळ-संध्याकाळ वीस ते तीस मिनिटे. या वाटेवरच्या लोकांची जागतिक ख्रिस्ती ध्यान संघटना १९९१ मध्ये उभी राहिली. सज्जनगडावर ‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा समर्थांचा त्रयोदशाक्षरी जप ऐकत वाढलेल्या साताऱ्याच्या माणसाला जपाची रीत समजावून सांगावी लागत नाही.

भारतात ही वाट याआधीच पडली होती. तमिळनाडूतल्या शांतिवनम आश्रमाची स्थापना १९५० मध्ये दोन फ्रेंच धर्मगुरूंनी केली. त्यांतले आंरी ल सो पुढे अभिषिक्तानंद म्हणून ओळखले गेले. मुंबईत जन्मलेले येशूसंघी अँथनी डिमेलो यांनी पुण्यात व नंतर लोणावळ्यात ‘साधना’ ही संस्था चालवली. कॅथलिक चर्चने १९६५ च्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात इतर धर्मांतले सत्य आणि पावित्र्य नाकारत नसल्याचे म्हटले. तरी १९८९ मध्ये पौर्वात्य ध्यानपद्धतींबद्दल सावध करणारे पत्रही रोममधूनच निघाले, आणि डिमेलो यांच्या निधनानंतर १९९८ मध्ये त्यांच्या काही मतांवर आक्षेप घेतला गेला. हा ताण आजही मिटलेला नाही.

साताऱ्यापुरते बोलायचे तर येथे या विषयाचा खरा पूर्वज नारायण वामन टिळक (मृत्यू १९१९) हा कवी आहे. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो असे ते सांगत. मराठी चर्चमधल्या भजनांना त्यांनी अभंगाचे वळण दिले. आयुष्याच्या शेवटी, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्तीने ते साताऱ्यात येऊन राहिले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्या दरबारात एकत्र बसावेत अशी त्यांची कल्पना होती. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार वाढू शकला नाही. पडद्यावर आज जी बैठक भरते तिच्यामागची कल्पना साताऱ्यात शंभर वर्षांपूर्वी मांडून झाली होती, हे येथल्या शाळेतही सांगितले गेले पाहिजे असे मला वाटते.

याच जिल्ह्यातल्या वाईत तरुणपणी विनोबा भावे प्राज्ञपाठशाळेत उपनिषदे आणि ब्रह्मसूत्रे शिकले. पुढे त्यांनी नव्या करारातून वेचे काढून ‘ख्रिस्तधर्म-सार’ सिद्ध केले. पाचगणीला राजमोहन गांधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने १९६० च्या दशकाच्या अखेरीस ‘एशिया प्लॅटो’ हे केंद्र उभे राहिले. तिथे सर्व धर्मांचे लोक सकाळी शांत बसून आतला आवाज ऐकण्याचा आणि सुचेल ते वहीत लिहून ठेवण्याचा सराव करतात. शेजारच्या सांगलीत, १९१९ मध्ये सुरू झालेल्या विलिंग्डन महाविद्यालयात गुरुदेव रा. द. रानडे यांनी काही काळ शिकवले. १९३३ च्या त्यांच्या महाराष्ट्रातील संतांवरच्या इंग्रजी ग्रंथात तुकारामांच्या तळमळीच्या काळाला त्यांनी ‘आत्म्याची काळोखी रात्र’ म्हटले. हा शब्दप्रयोग स्पेनच्या योहानाचा, म्हणजे जॉन ऑफ द क्रॉस या साधुकवीचा (१५४२–१५९१).

या योहानाला साधुसंघाच्या सुधारणेच्या वादातून त्याच्याच संघातल्या बांधवांनी तोलेदोला सुमारे नऊ महिने कोंडून ठेवले होते आणि त्या कोठडीत त्याने काव्य रचले. प्रार्थनेतली गोडी आटते, जगातही मन रमत नाही, तरी देवाची ओढ सुटत नाही, ती ही रात्र. बैठकीत हा उतारा घेताना एक काळजी घ्यावी लागते. ज्याला झोप नाही, जेवण जात नाही, जगण्यात रस उरलेला नाही, त्याला ‘ही तुझी काळोखी रात्र’ असे सांगून मोकळे होऊ नये. त्याला डॉक्टरकडे न्यावे.

स्पेनमधली ख्रिस्ती संन्यासिनी, आव्हिलाची तेरेसा (१५१५–१५८२), हिचे पुस्तक साताऱ्यात वाचायला विशेष सोपे जाते. तिचे आत्मचरित्र इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या चौकशी-न्यायालयाच्या, ताब्यात अडकलेले असताना, १५७७ मध्ये तिने आत्म्याचे नवे चित्र लिहिले: एकाच हिऱ्याचा किंवा स्फटिकाचा किल्ला, त्यात सात निवासस्थाने, सर्वांत आत राजा. दरवाजा प्रार्थनेचा. पहिल्या दालनांत बाहेरचे सरपटणारे जीवही आत शिरलेले असतात. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याला तटबंदी, दरवाजा, बालेकिल्ला हे शब्द कोशात शोधावे लागत नाहीत. एवढेच की आपला बालेकिल्ला उंचावर असतो आणि तेरेसाचा आत, तिथे चढायचे नसून उतरायचे असते.

सर्वांत जास्त वेळ जातो तो चौदाव्या शतकातल्या एका निनावी इंग्रज लेखकाच्या ‘द क्लाउड ऑफ अननोइंग’ या पुस्तकावर. त्याचे म्हणणे असे: साधक आणि देव यांच्यामध्ये न जाणण्याचा एक ढग आहे. बुद्धीने तो भेदता येत नाही, प्रेमाने येतो. त्या काळोखातच घर करून राहा, आणि ‘गॉड’ किंवा ‘लव्ह’ असा एका अक्षराएवढा लहान शब्द धरून त्या ढगावर ठोकत राहा. आता याला मराठीत काय म्हणायचे? ‘अज्ञानाचा ढग’ म्हटले तर सगळेच फिसकटते. मराठी वाचकाच्या लेखी अज्ञान घालवायचे असते. अमृतानुभवात तर ‘अज्ञानखंडन’ असे अख्खे प्रकरण आहे. हा लेखक मात्र त्या ढगातच राहायला सांगतो. शब्द सापडतो तो हरिपाठात: “जाणीव नेणीव भगवंतीं नाहीं । उच्चारणीं पाही मोक्ष सदा ॥” नेणिवेचा ढग. आणि त्याच ओळीत पुढे उच्चार आहे, लहानसे नाम आहे. रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणणाऱ्याच्या तोंडी ही ओळ असतेच. त्या अनामिकाच्या शेजारी ठेवली की ती पुन्हा नवी होते.

पण इथेच थांबून पाहावे लागते. ज्ञानदेव म्हणतात, भगवंताच्या ठायी नेणीवही नाही. इंग्रज लेखक म्हणतो, माणसाच्या बाजूने नेणीव आहे आणि या जन्मी ती राहणारच. दोघे एकच बोलत नाहीत. सर्वधर्मीय बैठकांची मोठी खोड म्हणजे पाचव्या मिनिटाला ‘शेवटी सगळे एकच’ असे म्हणून पुस्तक मिटणे. त्यात आदर दिसतो, पण वाचणे राहून जाते. क्रूसावरचा देव, पापक्षमा, कृपा हे शब्द हिंदू किंवा बौद्ध वाचकाला खुपले तर खुपू द्यावेत, आणि ‘ख्रिस्तही एक अवतार’ असे म्हटल्यावर ख्रिस्ती माणूस अस्वस्थ झाला तर त्याची अस्वस्थता ऐकून घ्यावी.

घरच्यांची शंका वेगळी असते: धर्म बदलायचा आहे का? ती हसण्यावारी नेऊ नये. टिळकांच्या बाप्तिस्म्याने लक्ष्मीबाईंना काही वर्षे नवऱ्यापासून दूर राहावे लागले, आणि ते दुःख ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दुसरीकडे चर्चमधल्या वडीलधाऱ्यांना वाटते की पोरे जपाच्या नादाने योगाकडे चालली. दोघांनाही एकदा मौनाच्या वेळी शेजारी बसवून घेणे हे सर्वांत चांगले उत्तर.

मराठी साधने तुटपुंजी आहेत. फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ (२०१०) मोठा आधार आहे. गूढवादी ग्रंथांसाठी मात्र बहुतेकदा इंग्रजीवरच जावे लागते. त्यामुळे बैठकीत एक जण इंग्रजी परिच्छेद समोर ठेवून जागच्या जागी मराठीत सांगतो, मध्येच अडतो, दुसरा शब्द सुचवतो, तिसरी म्हणते की आमची आजी याला वेगळेच म्हणायची. कधी तो शब्द मिळतो. कधी मिळत नाही, आणि मग यजमान घंटा वाजवतो.