अंजनेरीचा कडा आणि गोठ्यातलं इंजेक्शन

नाशिकहून त्र्यंबक रस्त्याने अंजनेरीच्या पायथ्याशी उतरलात की कड्याकडे नीट बघा. काळ्या कातळावर चुना ओतल्यासारखे पांढरे ओघळ दिसतील. ती गिधाडांची शीट. ओघळ जिथून सुरू होतो, त्या कपारीत त्यांची बसायची किंवा घरट्याची जागा असते. ऊन तापून हवा वर चढू लागली की एकेक पक्षी कड्यावरून सुटतो आणि पंख न हलवता वर वर जातो. हे लांब चोचीचं गिधाड, म्हणजेच भारतीय गिधाड. याचे पंख पसरले की दोन मीटरच्या वर भरतात.

गावाकडच्या साठीपुढच्या कुणालाही विचारा. ढोर मेलं की गावाबाहेर ओढून टाकायचे आणि गिधाडं उतरली की बघता बघता हाडंच उरायची. नव्वदच्या दशकात हे चित्र पुसलं गेलं. बीएनएचएस या मुंबईच्या निसर्ग अभ्यास संस्थेचे डॉ. विभू प्रकाश यांनी राजस्थानातल्या भरतपूरला गिधाडं झपाट्याने कमी होत असल्याची नोंद केली. 1992 ते 2007 या काळात देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं 99 टक्क्यांहून जास्त घटली, तर लांब चोचीची सुमारे 97 टक्के. रोग असेल, उपासमार असेल, असे बरेच तर्क झाले. उत्तर सापडलं 2004 साली, पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांच्या पोटात. संशोधक लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांना त्यांच्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर दिसला. मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि त्याला कारण होतं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक.

हे औषध आपल्याला परकं नाही. गुडघा दुखला की आपणही घेतो. बैल लंगडला, गाईची कास सुजली की जनावरालाही टोचत. गैर काहीच नव्हतं त्यात. दुखणाऱ्या जनावराला आराम पडावा एवढीच शेतकऱ्याची इच्छा. पण औषध दिल्यावर एक-दोन दिवसांत जनावर दगावलं तर औषध मांसात शिल्लक राहतं. एका ढोरावर पन्नास गिधाडं उतरतात, त्यामुळे विषही पन्नास जणांत वाटलं जातं. संशोधकांनी हिशोब मांडला तेव्हा मी स्वतः थबकले होते: 760 मढ्यांपैकी एका मढ्यात जरी मारक प्रमाणात औषध असलं, तरी एवढी घसरण होऊ शकते! कारण गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं जातात. मेलेल्यांची जागा भरून काढायला निसर्गाकडे वेगच नाही.

2006 मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. मग माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचू लागल्या, म्हणून 2015 मध्ये बाटली तीन मिलिलिटरपुरती मर्यादित केली. त्यातही एक मेख होती. पर्याय म्हणून वापरात असलेलं ॲसिक्लोफिनॅक जनावराच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफिनॅकच बनतं! नाव वेगळं, मारक तेच. त्यावर आणि किटोप्रोफेन या आणखी एका वेदनाशामकावर 2023 मध्ये बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक मात्र गिधाडांना निर्धोक ठरलं आहे आणि ते सहज मिळतं. गोठ्यात डॉक्टर आले की 'मेलॉक्सिकॅम चालेल का?' एवढं विचारायला काही पैसे पडत नाहीत.

हरसूलकडच्या खोरीपाड्याला गिधाडांसाठी खास 'उपाहारगृह' आहे. अशा ठिकाणामागची कल्पना साधी असते: मेलेलं जनावर घातक औषधापासून मुक्त आहे याची खात्री करायची आणि ठरलेल्या जागी ठेवायचं. पण गिधाड दिवसाला शेकडो किलोमीटर हिंडू शकतं. ते खोरीपाड्याला जेवेल आणि दुसऱ्या दिवशी दूरच्या कुठल्या तरी गावाबाहेरही उतरेल. म्हणून एका जागेची काळजी पुरत नाही, टापूतला प्रत्येक गोठा मोजावा लागतो.

अंजनेरीला 2017 मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. त्यात गिधाडांच्या जोडीला कंदीलपुष्पाच्या दुर्मीळ जातीचाही वाटा होता. पावसाळ्यात इथे गर्दी उसळते, पण गिधाडांचा खरा नाजूक काळ त्यानंतर सुरू होतो. थंडीच्या सुरुवातीला मादी कपारीत अंडं घालते, नर-मादी पन्नासेक दिवस आळीपाळीने ते उबवतात आणि पिल्लू उडायला लागेपर्यंत उन्हाळा उजाडतो. त्या दिवसांत कड्याच्या टोकावरून दगड ढकलला, स्पीकर लावला किंवा ड्रोन उडवला, तर बसलेला पक्षी दचकून उठतो आणि कपारीत ते एकुलतं एक अंडं उघडं पडतं.