सिंहस्थ, सीमा आणि साथीचे रोग : पार्श्वभूमी

२०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिक आणि त्र्यंबकेश्वरात येणाऱ्या भाविकांत नेपाळचेही लोक असतील, आणि त्यांना भारतात येताना व्हिसा लागत नाही. त्यांच्या आरोग्यावर नजर ठेवायची तर ती सीमेवरच्या नाक्यावर ठेवून भागणार नाही. ही अडचण मात्र जुनीच आहे.

१८६५ मध्ये हजयात्रेत कॉलरा पसरला, यात्रेकरूंच्या जहाजांतून तो इजिप्त आणि युरोपात पोचला, आणि पुढच्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपल येथे आंतरराष्ट्रीय स्वच्छता परिषद भरली. १८९४ ची पॅरिस परिषद तर मक्केच्या यात्रेवरच केंद्रित होती. भारतातून निघालेल्या हाजींना तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर विलगीकरणात राहावे लागे. त्या काळच्या व्यवस्थेचा भर रोगाचा माग काढण्यापेक्षा माणूस अडवण्यावर होता, आणि त्यातही गरीब प्रवासीच अधिक भरडला जाई.

मुंबईतील प्लेगनंतर आलेल्या १८९७ च्या साथरोग कायद्यात हीच दृष्टी दिसते. रेल्वेने किंवा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचा आणि संशयितांना वेगळे ठेवण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला.

देशोदेशी पसरणाऱ्या साथींसाठी जागतिक आरोग्य संघटनेने केलेल्या १९५१ च्या नियमांत सहाच रोग होते. १९८१ पर्यंत कॉलरा, प्लेग आणि पीतज्वर एवढे तीनच उरले. यादीत नसलेल्या नव्या रोगाचे काय करायचे, याचे उत्तर या चौकटीत नव्हते आणि २००३ मध्ये सार्स या नव्या श्वसनरोगाने ती उणीव उघडी पाडली. २००५ मध्ये संमत होऊन १५ जून २००७ पासून लागू झालेल्या नियमांनी रोगाच्या नावाऐवजी घटनेच्या गांभीर्याला महत्त्व दिले आणि प्रत्येक देशाला संघटनेशी संपर्क ठेवणारे केंद्र नेमायला लावले. भारतात ही जबाबदारी दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राकडे आहे.

२०१५ च्या सिंहस्थात रुग्णांच्या आजाराच्या तक्रारी टॅबलेट संगणकावर नोंदवून रोजच्या रोज पाहिल्या गेल्या. अतिसारासारखी झटपट उफाळणारी साथ अशा नोंदींत लवकर दिसू शकते. विषमज्वराची (टायफॉइडची) लक्षणे मात्र साधारण एक ते तीन आठवड्यांनी दिसतात, तोवर भाविक पर्वणी आटोपून घरी पोचलेला असतो. नाशिकमध्ये जडलेला ताप मग नेपाळमधल्या एखाद्या दवाखान्याच्या नोंदवहीत चढतो, आणि तिथल्या डॉक्टरने प्रवासाची चौकशी केली तरच त्याचा धागा गोदाघाटापर्यंत येऊ शकतो.