चेनसॉमधील ठिणगी आणि टायमिंगचे दोष

चेनसॉ सुरू न होणे, तापल्यावर बंद पडणे, सुरू करताना दोरीने हाताला उलटा हिसका देणे, या तक्रारींचे मूळ प्रज्वलनात आहे की आणखी कुठे, हे ठरवण्याची पद्धत. पुण्यात हे काम वळवाच्या पावसापासून वाढते. गुलमोहर आणि रेन ट्री कोसळू लागतात, अग्निशमन दलाकडे झाडपडीच्या वर्द्या येतात आणि आठ-दहा महिने कोपऱ्यात पडलेली मशिने एकदम बाहेर निघतात.

चेनसॉचे इंजिन एका सिलिंडरचे, टू-स्ट्रोक. त्याला बॅटरी नसते. क्रँकच्या टोकावरच्या फ्लायव्हीलमधले, म्हणजे जड चाकातले, चुंबक कॉइलच्या (तारेच्या वेटोळ्याच्या) लोखंडी पायांसमोरून गेले की वीज तयार होते आणि प्लगमध्ये ठिणगी पडते. गॅरेजात फ्लायव्हीलला ‘मॅग्नेट’ आणि ठिणगीला ‘करंट’ म्हणतात. ही बोली टू-स्ट्रोक दुचाक्यांच्या जमान्यातली. कायनेटिक इंजिनिअरिंगची लुना १९७२ साली आली. तिच्यात पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारे धातूचे संपर्क असत, ते झिजले की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, खरोखरच हलायचे. त्या सवयीने आजही चेनसॉ समोर ठेवला की ‘टायमिंग हललंय’ हा निकाल आधी लागतो. तो बहुधा चुकतो. आजच्या चेनसॉत पॉइंट नाहीत, बंदिस्त इलेक्ट्रॉनिक कॉइल असते आणि टायमिंग फिरवायला स्क्रूच नसतो. पिस्टन माथ्याला पोहोचण्याआधी साधारण २५ ते ३० अंशांवर ठिणगी पडते. मिनिटाला ९,००० फेऱ्यांच्या वेगात ३० अंश म्हणजे जेमतेम अर्धा मिलिसेकंद.

तपासणी स्वस्तातून महागाकडे जाते. आधी नवा प्लग लावावा, फट ०.५ मि.मी. जुना प्लग हवेत धरून निळी ठिणगी दिसली तरी तो चांगला ठरत नाही, कारण दाबाखालच्या मिश्रणात ठिणगी पडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागते. बघायचेच असेल तर प्लग भोकापासून लांब, सिलिंडरच्या पंखांना टेकवून धरावा. भोकातून उडणारी पेट्रोलची वाफ पेट घेते. करंट नसेल तर स्टॉप स्विचची बारीक वायर कॉइलवरून सोडवावी आणि पुन्हा दोरी ओढावी. करंट आला तर कॉइल निर्दोष. ओल्या भुशात कुठेतरी वायरचे कव्हर खरवडून ती बॉडीला लागलेली असते. या एका वायरीपायी कितीतरी चांगल्या कॉइली भंगारात गेल्या असतील.

त्यानंतर कॉइल आणि मॅग्नेटमधली फट. ती बहुतेक मशिनांत ०.२ ते ०.४ मि.मी. असते. फट मोजायच्या पातळ पट्ट्या (फीलर गेज) नसतील तर कॉइलचे स्क्रू ढिले करून व्हिजिटिंग कार्ड मध्ये सरकवायचे, चुंबक समोर आणायचा, कॉइल ओढली गेली की स्क्रू आवळायचे. पावसाळ्यात पायांवर गंज चढतो, तो पॉलिश पेपरने काढावा.

तापल्यावर बंद आणि गार झाल्यावर चालू, हा प्रकार सर्वांत फसवा. कॉइलच्या आतला तुटका तार उष्णतेने फाकतो, गार झाला की पुन्हा जुळतो. म्हणून मशीन बंद पडताच, गरम असतानाच करंट बघावा. चहा पिऊन आल्यावर बघितला तर तो हमखास दिसणार. गरम असतानाही करंट असेल तर पेट्रोलच्या टाकीचे झाकण सैल करून बघावे. टाकीत हवा घेणारा ब्रीदर चोंदला की लक्षणे हुबेहूब तीच.

खरेच टायमिंग हलले असेल तर दोष मॅग्नेटच्या चावीत असतो, म्हणजे मॅग्नेट आणि क्रँक यांच्या खाचेत बसणाऱ्या धातूच्या छोट्या तुकड्यात. ती तुटली किंवा सरकली की मॅग्नेट क्रँकवर जागा बदलतो. पुढे सरकला तर ठिणगी लवकर पडते आणि दोरी मनगट पिरगाळते. मागे राहिला तर ताकद जाते, सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात. चेन अडकल्यामुळे चावी तुटते असे सर्रास सांगतात. पण क्रँक आणि चेन यांच्यामध्ये सेंट्रिफ्यूगल क्लच (वेग वाढला की आपोआप पकडणारा) असतो, तो घसरून धक्का पचवतो. मॅग्नेट मागच्या दुरुस्तीत नीट आवळलेला नसणे, हेच कारण जास्त आढळते. त्याला धरून ठेवते ती क्रँकच्या निमुळत्या टोकाची पकड. चावी फक्त जागा दाखवते. त्यामुळे ते टोक कोरडे पुसून घ्यावे, ग्रीस लावू नये. नट आवळताना पिस्टन अडवण्यासाठी प्लगच्या भोकातून सुती दोरी आत भरतात. स्क्रूड्रायव्हर घातला की पिस्टनला खड्डा पडतो.