पाटणचा एकसष्ट आणि गाल्वाचा गट

खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटणला शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, असं तो सांगतो. त्या ग्रंथांपैकी ‘बीजगणिता’त ६१ चं प्रसिद्ध उदाहरण आहे: कोणत्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला की पुन्हा वर्गच येतो? सर्वांत लहान उत्तर २२६१५३९८० चा वर्ग. आपल्याला मात्र चक्रवाल पद्धतीतली (अशी उदाहरणं फेऱ्याफेऱ्यांनी सोडवण्याची जुनी रीत) मधलीच पायरी हवी आहे: ३९² − ६१×५² = −४. पदं हलवली की ६१ = (३९/५)² + (२/५)². दोन वर्गांची बेरीज! (५² + ६² तर तोंडीच सुटतं.)

आता प = √(६१ + ५√६१) आणि फ = √(६१ − ५√६१) घ्या. प, फ, −प, −फ ही क्ष⁴ − १२२क्ष² + २१९६ = ० ची चार मुळं. गुणाकार पफ = ६√६१ (कारण ६१ − ५² = ६²); सगळी किल्ली इथे आहे. √६१ चं चिन्ह उलटवून प च्या जागी फ ठेवा. फ म्हणजे ६√६१ भागिले प. त्यात वरचं चिन्ह उलटतं, खाली फ येतो, म्हणून फ चा −प होतो. पुढे −फ, मग परत प. रहाटासारखी चार पावलांची फेरी. मुळांमधली नाती न मोडणाऱ्या अशा सगळ्या अदलाबदली मिळून समीकरणाचा गाल्वा गट होतो; इथे तो एकाच फेरीत पुरा होतो, म्हणून चक्रीय.

चार मुळं दिसली की ‘चक्रीय’ लिहून मोकळं होणं ही नेहमीची चूक. √(२ + √३) मध्ये गुणाकार १ येतो आणि प्रत्येक अदलाबदल दोनच पावलांत मिटते. √(१ + √३) मध्ये √−२ उपटतं, गट ८ घटकांचा होतो. ३ साठी आकडे कितीही बदला, जमत नाही. आत अ + ब√३ असेल तर गुणाकार मघासारखा क√३ यायला अ² − ३ब² = ३क² हवं (अ, ब, क परिमेय), म्हणजेच ३(अ/३)² = ब² + क²; ३ ही दोन वर्गांची बेरीज असायला हवी. छेद काढून पूर्णांक करा. वर्गाला ३ ने भागल्यावर बाकी ० किंवा १ उरते, म्हणून उजवीकडच्या दोन्ही संख्या ३ ने भागल्या जातात, मग डावीकडचीही, आणि हे भागणं संपतच नाही.

क्ष² + य² हे सर्वांत साधं वर्गात्मक रूप (जिच्यात प्रत्येक पद दुसऱ्या घाताचं असतं अशी राशी). १९३६ मध्ये एर्न्स्ट विट यांनी क्वाटर्नियन नावाचा ८ घटकांचा गाल्वा गट कधी मिळतो, याची तीन चलांच्या रूपावरची कसोटी दिली. जॉन मिल्नर यांनी १९७० मध्ये मांडलेला अशा रूपांचा आणि गाल्वा गटांचा व्यापक संबंध व्होएव्होद्स्की आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केला.

निकाल संख्येइतकाच क्षेत्रावर, म्हणजे कोणत्या संख्या वापरायची मुभा आहे यावर, ठरतो. परिमेय संख्यांत √−१ मिसळा: ३ = २² + (√−१)², आणि √(३ + २√३) ची फेरी चार पावलांत पुरी होते.