निकटदृष्टिता नियंत्रण

लांबचे धूसर दिसणे या दोषाला निकटदृष्टिता म्हणतात. अशा मुलाला मायनस नंबरचा चष्मा लावला की फळा लख्ख दिसतो. पण नंबर ज्यामुळे वाढतो ते नेत्रगोलाचे लांबणे साध्या चष्म्याने थांबत नाही. वाढत्या वयात हे लांबणे धिमे करण्याच्या उपायांना निकटदृष्टिता नियंत्रण म्हणतात. लांबलेला डोळा आखूड होत नाही, म्हणून नंबर ‘उतरवणे’ हे येथे उद्दिष्टच नसते. उणे ६ च्या पलीकडे डोळ्यामागचा पडदा (दृष्टिपटल) सरकणे, काचबिंदू, पीतबिंदूची (पडद्याच्या मध्यभागाची) झीज यांचा धोका बराच वाढतो. पुढे लेसरने चष्मा गेला तरी हा धोका कायम राहतो, कारण लेसर फक्त पारपटलाचा (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराचा) आकार बदलतो.

पहिला मार्ग ॲट्रोपिन या औषधाचे थेंब डोळ्यांत घालण्याचा; त्यांचा इतिहास बोधप्रद आहे. सिंगापूरमधील २००६ च्या चाचणीत १ टक्का द्रावणाने वाढ ठळकपणे मंदावली. पण बाहुली विस्फारून उजेड सहन होईना, जवळचे वाचता येईना, आणि औषध थांबवताच नंबर उसळला. मग ०.०१ टक्का द्रावणाची चलती झाली. ती थोडी घाईची ठरली : हाँगकाँगच्या अभ्यासात (२०१९) ०.०५ टक्का अधिक प्रभावी आढळले, तर २०२३ मधील अमेरिकी चाचणीत ०.०१ टक्का आणि औषध नसलेले निव्वळ दिखाऊ थेंब यांत फरक दिसला नाही.

दुसरा मार्ग प्रकाशाचा. दृष्टिपटलाच्या कडेला प्रतिमा त्याच्यावर न पडता मागे पडली तर डोळ्याला वाढण्याचा संकेत मिळतो, असे मानतात. म्हणून काही चष्म्यांत मधला भाग नेहमीचा ठेवून भोवती सूक्ष्म भिंगे बसवतात. दुहेरी केंद्राच्या मऊ कॉन्टॅक्ट लेन्सही याच तत्त्वावर चालतात. रात्री घालून सकाळी काढायच्या कडक लेन्सने (ऑर्थो-के) पारपटलाला तात्पुरता आकार मिळून दिवसा चष्मा लागत नाही, मात्र स्वच्छतेत हयगय झाल्यास पारपटलाला गंभीर संसर्ग होऊ शकतो.

मोकळ्या उजेडातील वेळ मुख्यतः दोष सुरू होणे लांबवतो. चीनमधील ग्वांगझू येथे शाळेत रोज ४० मिनिटे जादा मैदानी वेळ दिल्यावर ३ वर्षांत नवा दोष ३९.५ ऐवजी ३०.४ टक्के मुलांत आढळला (२०१५).

‘पूर्ण नंबर दिला तर डोळे आळशी होतात’ हा समज मात्र टाकाऊ आहे. मलेशियातील २००२ च्या अभ्यासात मुद्दाम कमी नंबर दिलेल्या मुलांचाच दोष अधिक वेगाने वाढला.