हायड्रोसीडिंगने नवीन लॉन: फवारणीच्या आधी आणि नंतर

हायड्रोसीडिंग म्हणजे पाण्यात कालवलेलं गवताचं बी आणि लगदा पंपाने जमिनीवर फवारणं. फवारणी संपवून आमची गाडी फाटकाबाहेर पडते, तेव्हा सकाळपर्यंत मातकट असलेली तुमची जागा हिरवीगार दिसत असते. घरातली सगळी माणसं कौतुकाने बघायला बाहेर येतात. त्या क्षणी सांगायला आम्हालाही जिवावर येतं, पण सांगतो: तो नुसता रंग आहे. फवारा कुठे पोचला आणि कुठे राहिला हे पाइप धरणाऱ्याला कळावं म्हणून तो लगद्यात घातलेला असतो. उन्हापावसात तो दोन-तीन आठवड्यांत फिका पडतो. त्याच सुमाराला खरं गवत वर येत असतं, पण अजून विरळ असतं आणि सगळी जागा पिवळट-करडी दिसते. "बी मेलं का?" असे फोन आम्हाला याच दिवसांत सगळ्यात जास्त येतात. बहुतेक वेळा बी मेलेलं नसतं. पण कधीकधी मेलेलं असतं, आणि तेव्हा कारण जवळजवळ नेहमी ओलीचंच निघतं. एक तर मधेच जमीन कोरडी पडलेली असते, नाही तर ती सतत चिंब राहिलेली असते. हे पत्रक मुख्यतः त्यासाठीच लिहिलं आहे.

टाकीत काय असतं

पाणी, गवताचं बी, लाकडाच्या तंतूंचा किंवा कागदाचा लगदा, सुरुवातीपुरतं खत, थोडा डिंक आणि रंग. डिंक बहुधा गवारीच्या बियांपासून किंवा इसबगोलापासून केलेला असतो. हे सगळं टाकीत सतत ढवळत ठेवून पंपाने जमिनीवर सारखा थर मारायचा, एवढीच ही पद्धत. सपाट जागेवर चौरस मीटरला साधारण १७० ते २२५ ग्रॅम कोरडा लगदा लागतो, उतारावर त्याहून बराच जास्त.

हरळीचं बी फार बारीक असतं. सोललेल्या बियांचे तीन-चार हजार दाणे एका ग्रॅममध्ये मावतात आणि चौरस मीटरला ५ ते १० ग्रॅम बी पुरतं. इतकं बारीक बी कोरडं फेकलं तर वारा उडवतो, मुंग्या नेतात आणि पहिली सर ते एका कोपऱ्यात गोळा करते. लगद्याचा थर ते जागच्या जागी धरून ठेवतो, ऊन अडवतो आणि ओल टिकवतो. उष्ण हवेत आम्ही लाकडाच्या तंतूंचा लगदाच पसंत करतो. कागदाचा थर जाड पडला की वाळल्यावर त्याचा पापुद्रा धरतो आणि नाजूक कोंबांना तो फोडून वर येणं जड जातं. तंतू एकमेकांत गुंततात आणि मधे जागा सोडतात.

टाकीत बी पडलं की आम्ही घाई करतो. पाण्यात विरघळलेल्या खताचे क्षार आणि पंपातलं घुसळणं बियांना फार वेळ सोसत नाही, म्हणून तासाभरात ते जमिनीवर गेलेलं बरं. त्या दिवशी वाटेतली गाडी, कुंड्या, बांधकामाचं सामान आधीच हलवून ठेवा अशी विनंती करतो, ती यासाठीच.

कोणतं गवत

उष्ण आणि दमट हवेत उन्हाळी गवतंच टिकतात. भरपूर ऊन असेल तर हरळी पहिली. तिला रोज सहा ते आठ तास थेट ऊन हवं. सोललेलं बी एक-दोन आठवड्यांत उगवतं, टरफलासकट पेरलेलं दोन ते चार आठवडे घेतं. झोयझिया दिसायला फार सुंदर आणि दाट, पण उगवायलाच दोन-तीन आठवडे लागतात आणि गालिचा भरायला अख्खा मोसम, कधी त्याहून जास्त. ज्यांना तेवढा धीर आहे त्यांनी जरूर लावावी. आम्लधर्मी, ओलसर आणि थोडी सावली असलेल्या जमिनीत रुंद पानाचं कार्पेट गवत बरं चालतं. मोठ्या झाडाखालच्या गडद सावलीत हरळी फवारायला आम्ही नकार देतो. ती उगवते, दोन महिने बरी दिसते, मग विरळ होत होत संपते.

सेंट ऑगस्टीन गवत आणि संकरित हरळीच्या बऱ्याच नामांकित जाती बियांपासून लावता येत नाहीत. संकरित जाती वांझ असतात. त्यांचे गालिचे किंवा जमिनीलगत सरपटणाऱ्या धुमाऱ्यांचे तुकडेच लावावे लागतात. आणि चित्रांत दिसणारं गर्द, मऊ राय किंवा फेस्क्यू गवत थंड हवेतलं असतं. राय आठवड्याभरात उगवते म्हणून तिचा मोह होतो, पण उकाड्याच्या रात्रींत ती सडते आणि मरेपर्यंत हरळीच्या वाट्याचं पाणी आणि ऊन खाऊन जाते. म्हणून "लवकर हिरवं दिसावं" यासाठी आम्ही ती मिसळत नाही.

केव्हा

उन्हाळी बियांना उष्णतेची भीती नसते. माती २० अंशांच्या वर गेली की हरळी हलू लागते आणि २४ ते ३५ अंशांच्या हवेत जोमाने येते. भीती असते ती मुसळधार पावसाची. म्हणून ऊब पक्की झाली आहे पण मोठे पाऊस अजून लागलेले नाहीत, किंवा मोठे पाऊस ओसरले आहेत पण पुढे निदान दोन-तीन महिने उबदार दिवस आहेत, अशा दोनच काळांत आम्ही काम घेतो.

हा नियम आम्ही ठेच लागून केला. सुरुवातीच्या काळात एका ग्राहकाला घाई होती आणि आभाळ भरून आलेलं असताना आम्ही फवारणी केली. दोन तासांत सर कोसळली. डिंक धरायला काही तास कोरडी हवा लागते, ती मिळालीच नाही. सकाळी जाऊन पाहिलं तर वरच्या बाजूला उघडी माती, त्यातून बोटभर खोल ओघळ आणि खालच्या कोपऱ्यात हिरव्या लगद्याचा ढीग. पंधरा दिवसांनी त्या ढिगातून दाट गवत उगवलं, बाकी सगळी जागा ओसाड. सगळं काम आम्ही आमच्या खर्चाने पुन्हा केलं. तेव्हापासून आभाळ बघून तारीख पुढे ढकलतो. त्याचा राग मानू नका.

जमीन

फवारणीला काही तास लागतात, जमिनीला दोन-तीन आठवडे. थरातल्या बियांना मूळ रोवायचं असतं ते खालच्या मातीत, आणि माती दगडासारखी असेल तर सर्वांत उत्तम लगदासुद्धा काही करू शकत नाही.

नव्या घराभोवतीची जमीन गाड्यांनी आणि सामानाने चेपलेली असते. तिच्यात विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, चुना पुरलेला असतो. तो आधी वेचून काढावा लागतो, कारण चुना आणि सिमेंट मातीचा सामू (पीएच) वाढवतात. गवताला तो ६ ते ७ असलेला मानवतो. शंका असेल तर माती तपासून घ्या. मग १० ते १५ सेंटिमीटर खोल मोकळी करून त्यात दोन-तीन सेंटिमीटर जाडीचं चांगलं कुजलेलं कंपोस्ट मिसळायचं. चिकण मातीत "थोडी वाळू टाका" असा सल्ला खूप जण देतात. थोड्या वाळूने चिकण माती उलट आणखी घट्ट होते. तिथे कंपोस्टच टाका.

घरापासून बाहेरच्या बाजूला दर मीटरला एक-दोन सेंटिमीटर उतार द्या आणि माती पायवाटेपेक्षा दोन सेंटिमीटर खाली ठेवा. दंताळ्याने सारखी करून हलका रोलर फिरवा. चालल्यावर पाऊल साधारण एक सेंटिमीटर रुतलं तर जमीन तयार आहे. घोट्यापर्यंत पाय जात असेल तर ती पुढे खड्ड्याखड्ड्यांनी बसेल.

तणांपैकी नागरमोथ्याबद्दल वेगळं सांगायला हवं. वरची तीन धारी दांडी उपटली की ती हातात येते आणि काम झाल्यासारखं वाटतं. खुरप्याने वीतभर खाली उकरून बघा. काळपट गाठी बारीक दोरीत ओवल्यासारख्या एकामागून एक सापडतील. टिकाव मारून ती दोरी तोडली की प्रत्येक गाठ स्वतंत्र फुटते. म्हणून नागरमोथा असेल तिथे गाठींसकट काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. बाकी तणांसाठी सोपा उपाय आहे: जमीन तयार करून दोन आठवडे पाणी द्या, तण उगवू द्या, मग माती न उलटता वरच्या वर खरवडून काढा. जमलं तर हे दोनदा करा. तण उगवूच नये म्हणून मारायची औषधं मात्र मारू नका. ती गवताचं बी ओळखत नाहीत, त्यालाही उगवू देत नाहीत. गेल्या काही महिन्यांत असं काही मारलं असेल तर आम्हाला आधी सांगा.

पाणी

शेती केलेल्याला वाफसा समजावून सांगावा लागत नाही. बाकीच्यांसाठी: मूठभर माती दाबली की गोळा होतो, बोटाने टोचला की फुटतो आणि तळहाताला चिखल लागत नाही, तो वाफसा. पहिले तीन आठवडे तुमच्या जमिनीचा वरचा थर वाफशावर हवा.

फवारणीनंतर लगेच पाणी देऊ नका. थर धरू द्या. केव्हा सुरू करायचं ते आम्ही त्या दिवशी सांगतो, बहुधा दुसऱ्या सकाळी. त्यानंतर दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं. थराचा रंग गडद झाला की पुरे. पृष्ठभागावर पाणी चमकून वाहायला लागायच्या आत थांबायचं.

दमट हवा इथे फसवते. आपला घाम वाळत नाही, म्हणून जमीनही वाळत नसेल असं वाटतं. पण बी आहे वरच्या अर्ध्या सेंटिमीटरात, आणि दुपारचं ऊन तेवढा थर दोन तासांत सुकवतं. नखाने थराची कड उचलून खाली बघा. माती गडद आणि गार लागली तर ठीक, फिकट आणि कोमट लागली तर पाण्याची वेळ झाली. कोरडं बी वाट बघू शकतं. एकदा पाणी पिऊन मोड आलेलं बी सुकलं की ते कायमचं गेलं. म्हणून पाचव्या ते पंधराव्या दिवसात एक दुपारसुद्धा चुकवू नका. बाहेरगावी जाणार असाल तर फवारणीची तारीखच बदलू.

दुसरं टोकही तितकंच वाईट. दिवसाचं शेवटचं पाणी सूर्यास्ताच्या दोन-तीन तास आधी द्या. उकाड्याच्या रात्री पाती ओली राहिली की बुरशी धरते. पहाटे कोवळ्या गवतावर कोळ्याच्या जाळ्यासारखा पांढरा कापूस दिसतो, उन्हाबरोबर तो जातो आणि मागे तेलकट, काळपट, आडवी पडलेली रोपं राहतात. हा मर रोग आहे. ती तपकिरी पडलेली जागा बघून माणूस हमखास पाणी वाढवतो आणि रोग दुपटीने पसरतो. असं दिसलं तर पाणी कमी करा आणि आम्हाला फोटो पाठवा.

आणखी एक, अगदी बारीक पण महत्त्वाचं: उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी चटका बसेल इतकं गरम असतं. ते बाजूला सोडून द्या, हाताला गार लागलं की मगच लॉनवर धरा. पाण्याची धार नको, झारीसारखा बारीक फवारा हवा. पाऊस झाला त्या दिवशी थर ओला असेपर्यंत पाणी नाही.

चौथ्या आठवड्यापासून खेपा कमी करा आणि एका वेळचं पाणी वाढवा, म्हणजे मुळं खाली जातील. दोन महिन्यांनी पावसासकट आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर पुरतं. उभ्या कडांचे रिकामे डबे लॉनवर ठेवून त्यात किती पाणी साचलं ते मोजा.

पुढचे दोन महिने

चार आठवडे चालणं बंद, खेळणं आठ आठवड्यांनी. गवत पाच-सहा सेंटिमीटर झालं की जमीन कोरडी असताना, धारदार पात्याने, चार सेंटिमीटरवर कापा. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कधीच नको. ही पहिली कापणी लोक घाबरून लांबवतात, पण हरळी कापल्यावरच आडवी पसरते.

चार आठवड्यांनी चौरस मीटरला ५ ग्रॅम नत्र, म्हणजे सुमारे ११ ग्रॅम युरिया, कोरड्या पात्यांवर टाकून लगेच पाणी द्या. जास्त दिल्याने गवत लुसलुशीत होतं आणि दमट हवेत बुरशीला तेच आवडतं. तणनाशक तीन-चार कापण्या होईपर्यंत नको. तोवर तण हाताने काढा. एका रात्रीत एखादा पट्टा कुरतडल्यासारखा दिसला तर संध्याकाळी गवत बाजूला सारून लष्करी अळी शोधा, ती तेव्हाच वर येते.

मोकळे राहिलेले तुकडे चार आठवडे तसेच राहू द्या. तळव्याएवढे असतील तर हरळीचे धुमारे ते स्वतः भरतात. त्याहून मोठे असतील तर सहाव्या आठवड्यात आमचा माणूस येऊन बघतो आणि थर आमच्याकडून विरळ पडला असेल तर ती जागा विनामूल्य पुन्हा फवारतो. त्यासाठी पहिले तीन आठवडे दर दोन दिवसांनी एकाच जागी उभं राहून एक फोटो काढून ठेवा. बी कुठे पडलंच नाही आणि कुठे उगवून सुकलं, हे त्यावरून आम्हाला ओळखता येतं.