एल्वेटी: स्वित्झर्लंडच्या केल्टिक बँडमागचा इतिहास

एल्वेटी हा लोकसंगीत आणि हेवी मेटल एकत्र वाजवणारा स्विस बँड. तो नव्याने ऐकणारा माणूस हमखास एक प्रश्न विचारतो, की हे लोक तर स्वित्झर्लंडचे, मग यांचं फोक केल्टिक कसं काय, केल्टिक म्हणजे आयर्लंड आणि स्कॉटलंड ना? प्रश्न साहजिक आहे, मलाही पडला होता. पण उत्तर शोधायला गेलं की कळतं आपण गोष्ट शेवटाकडून वाचत होतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

आधी नावच बघा. इटलीत मांतुआला एक जुनं भांडं सापडलंय, इ.स.पू. ३०० च्या आसपासचं, त्यावर प्राचीन इटलीतल्या एट्रुस्कन लोकांच्या लिपीत कुणीतरी "एलुवेइतिए" एवढंच कोरलंय. अभ्यासक त्याचा अर्थ "हेल्वेटी माणूस" असा लावतात, म्हणजे बहुतेक आल्प्सपलीकडून आलेला कुणीतरी तिथे असावा आणि लोक त्याला त्याच्या जमातीच्या नावानेच हाक मारत असावेत. हेल्वेटी जमातीचा हा सगळ्यात जुना लेखी उल्लेख मानतात. बँडने नाव घेतलं ते थेट या भांड्यावरचं, आणि मला हे फार आवडतं, कारण एखाद्या राजाचं किंवा देवाचं नाव घेणं सोपं होतं, त्यांनी एका अनोळखी माणसाची ओळख घेतली.

आता हे हेल्वेटी कोण, तर आजच्या स्वित्झर्लंडच्या पठारी भागात राहणारी केल्टिक जमात, म्हणजे प्राचीन युरोपातल्या केल्ट लोकांपैकी एक. आणि केल्ट लोकांचा पुरातत्त्वातला जो काही मोठा पुरावा आहे तो मुळात मध्य युरोपातलाच आहे. ऑस्ट्रियात हालश्टाटला मिठाच्या खाणीशेजारी १८४६ पासून योहान गेऑर्ग रामसाउअर या खाणीवरच्या अधिकाऱ्याने खणायला सुरुवात केली आणि पुढच्या १७-१८ वर्षांत हजाराच्या आसपास थडगी उघडली. १८५७ मध्ये स्वित्झर्लंडच्या न्यूशातेल तलावाचं पाणी उतरलं तेव्हा ला तेन या जागी लाकडी खुंट आणि लोखंडी तलवारी दिसल्या, आणि आज युरोपातल्या लोहयुगाच्या दोन टप्प्यांना याच दोन गावांची नावं आहेत. आजच्या चेक देशातल्या बोहेमियाचं नावसुद्धा बोई नावाच्या केल्टिक जमातीवरून आलंय. म्हणजे गाभा इथे आहे, आयर्लंड नंतर येतं.

हेल्वेटींची मोठी गोष्ट मात्र त्यांच्या शत्रूने लिहून ठेवली, ज्युलियस सीझरने. इ.स.पू. ५८ मध्ये ही अख्खी जमात शेजारच्या जमातींना सोबत घेऊन पश्चिमेकडे निघाली आणि निघताना, परत फिरायचा मोहच नको म्हणून, आपली १२ नगरं आणि ४०० खेडी स्वतःच्या हाताने जाळली. त्यांचा म्हातारा नेता दिविको सीझरशी बोलणी करायला गेला आणि त्याने ठणकावलं की आम्ही ओलीस घेतो, देत नाही, कारण याच दिविकोच्या लोकांनी इ.स.पू. १०७ मध्ये रोमन सैन्याला हरवलं होतं. पण बिब्राक्तेच्या लढाईत हेल्वेटी हरले. सीझर लिहितो की त्यांच्या छावणीत ग्रीक अक्षरांत लिहिलेल्या याद्या मिळाल्या, निघालेले एकूण ३ लाख ६८ हजार आणि घरी परतले ते १ लाख १० हजार. हे आकडे फुगवलेले असावेत असं आजचे इतिहासकार म्हणतात, जिंकणाऱ्याने लिहिलेले आकडे जपूनच घ्यायचे. तरी आपलं घर आपणच जाळून निघालेली आणि हरल्यावर त्याच राखेत परत पाठवलेली माणसं, हे चित्र डोक्यातून जात नाही. २०१२ मध्ये एल्वेटीने 'हेल्वेटिओस' नावाचा अख्खा अल्बम या युद्धावर केला, आणि यावेळी बाजू हरलेल्यांची.

नाव पुढे टिकलं ते वेगळ्याच वाटेने. १७९८ मध्ये फ्रेंचांच्या दबावाखाली हेल्वेटिक रिपब्लिक झालं, ते १८०३ पर्यंतच चाललं, पण देशाचं लॅटिन नाव आजही कन्फेडेरात्सिओ हेल्वेतिका आहे, वेबसाइटच्या शेवटी सीएच येतं ते त्यातूनच. चार भाषांच्या देशात लॅटिन कुणाचीच नाही म्हणून सगळ्यांना चालली.

मग आयर्लंड केल्टिक कधी झालं? ग्रीक-रोमन लेखक ब्रिटन-आयर्लंडच्या लोकांना केल्ट म्हणत नव्हते. १७०७ मध्ये एडवर्ड लुइड या वेल्श विद्वानाने वेल्श, ब्रेटन, कॉर्निश, आयरिश या भाषा आजच्या फ्रान्स भागातल्या प्राचीन गॉलिश भाषेच्या नात्यातल्या आहेत असं मांडलं आणि या कुळाला केल्टिक हे नाव चिकटलं, भाषेचं नाव मग माणसांना लागलं, नंतर संगीतालाही. म्हणजे शब्द पुस्तकांमधून मध्य युरोपाकडून बेटांवर गेला, आणि संगीत विसाव्या शतकात उलट्या दिशेने आलं.

ते कसं आलं तर फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात आलाँ स्तिवेल या संगीतकाराच्या वडिलांनी १९५३ मध्ये विस्मरणात गेलेली केल्टिक हार्प पुन्हा बनवली, मुलगा तीच वाजवत मोठा झाला आणि १९७२ मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिया सभागृहात त्याची जी मैफल झाली तिने युरोपभर लाट उठवली. जर्मन भाषिकांना आयर्लंडची ओढ आधीच लागली होती, जर्मन लेखक हाइनरिश ब्यॉलचं आयर्लंडवरचं पुस्तक १९५७ चं. सत्तरच्या दशकात आयरिश बँड जर्मनी-स्वित्झर्लंडचे दौरे करायला लागले, क्लॅनाडचा १९७९ चा लाइव्ह अल्बम तर स्विस दौऱ्यातच रेकॉर्ड झालाय. पोलंडमध्ये कॅरंटूहिल हा बँड १९८७ मध्ये सुरू झाला, नाव आयर्लंडमधल्या सगळ्यात उंच शिखराचं आणि माणसं पोलंडच्या सायलेशिया भागातली. जर्मनीत फिडलर्स ग्रीन १९९० चा. हे सगळे बँड छान आहेत, पण त्यांची नजर आयर्लंडकडे आहे.

एल्वेटीचं वेगळेपण मला इथे वाटतं. २००२ मध्ये विंटरथूरच्या क्रिगेल ग्लांत्समानने हा सुरुवातीला स्टुडिओ प्रोजेक्ट म्हणून काढला, २००३ ला पहिली ईपी, म्हणजे छोटा अल्बम, मग पूर्ण बँड जमला, एकीकडे स्वीडिश धाटणीचं मेलोडिक डेथ मेटल, म्हणजे घोगरा आवाज पण सुरेल गिटार असलेलं मेटल, आणि दुसरीकडे फिडल, टिन व्हिसल, बॅगपाइप, हर्डी-गर्डी. हर्डी-गर्डी माहीत नसेल तर सारंगीच्या गजाऐवजी हाताने फिरवायचं लाकडी चाक डोळ्यासमोर आणा, ते तारांना घासत राहतं आणि एक-दोन तारा तंबोऱ्यासारखा सूर धरून ठेवतात. यातलं एकही वाद्य हेल्वेटींच्या काळातलं नाही हे स्पष्ट सांगायला हवं, हर्डी-गर्डी मध्ययुगातली आहे आणि आजची पत्र्याची टिन व्हिसल एकोणिसाव्या शतकातली. केल्टांच्या संगीताचं लिहिलेलं काहीच उरलं नाही, त्यामुळे सूर उसनेच घ्यावे लागतात. २००८ च्या 'स्लानिया'मधलं त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं 'इनिस मोना', त्याची चाल तीन खलाशांवरच्या ब्रेटन लोकगीताची, जे स्तिवेलने घरोघरी पोचवलं होतं.

२०१६ मध्ये ॲना मर्फी, इवो हेन्झी आणि मर्लिन सुटर हे बँडमधले तिघे बाहेर पडले आणि सेलर डार्लिंग हा वेगळा बँड काढला, पुढे फाबियेन एर्नी गायला आली, बँड चालू राहिला, २०२५ ला नवा अल्बमही आला. त्यावर जास्त लिहीत नाही, कारण मला सांगायचंय ते भाषेबद्दल.

हे लोक काही गाणी गॉलिशमध्ये गातात. ही भाषा दीड हजार वर्षांपूर्वीच मेली. उरलंय काय, तर दगड, भांडी, नाणी, स्वित्झर्लंडमध्ये पोर्टला सापडलेली एक तलवार जिच्यावर ग्रीक अक्षरांत "कोरिसिओस" लिहिलंय, १८९७ मध्ये फ्रान्समध्ये कोलिन्यीला सापडलेलं कांस्य पंचांग, आणि मजकूर कोरलेले शिशाचे काही पत्रे. २००९ च्या 'इव्होकेशन १' या अकूस्टिक अल्बममध्ये त्यांनी या पत्र्यांवरचा मजकूरच गाण्यांना घेतला. १९७१ मध्ये फ्रान्समध्ये शामालियेरच्या झऱ्यात एक पत्रा मिळाला, त्याच्या शेवटी एकच ओळ तीनदा येते, "देस्सुमीस लुगे", तिचा नेमका अर्थ अजून वादात आहे पण ती पुन्हा पुन्हा म्हणायची होती हे उघड आहे आणि गाण्यात ती तशीच घुमते.

दुसरा पत्रा १९८३ मध्ये फ्रान्समध्येच लार्झाकच्या एका थडग्यात सापडलेला, बायकांच्या मंत्रतंत्राबद्दलचा. 'ब्रिक्तोम' हे गाणं त्यातून घेतलंय. हा मजकूर पूर्ण कुणालाच लागलेला नाही. पण त्यात बायकांच्या नावांना लागून दोन शब्द पुन्हा पुन्हा येतात, मातिर आणि दुख्तिर. माता आणि दुहिता. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते गाणं परत सुरुवातीपासून लावलं.